वीतभर आखूड पडदे

प्रिय धाकटे,

परवा तुझ्या दुकानावरून गेले. बँकेत जायला तो रस्ता जवळ पडतो म्हणून. खरं तर लांबच पडतो, पण ते असो. काचेतून बघते तर तुझे कटिंगमास्तर टेबलावर कापड पसरून उभे होते आणि तू काहीतरी दाखवत होतीस, त्याला ते चक्क नाही म्हणत होते. चांगली मान हलवून, हातवारे करून! आणि तू हसत होतीस. हेच मास्तर माझ्याकडे इतकी वर्षं होते, पण मला एकदाही नाही म्हणाले नाहीत. मला वाटायचं, माणूसच अबोल आहे. तुझ्याकडे आल्यावर त्यांना वाचा फुटली. माझ्या पोटात दुखलं, लिहूनच टाकते. घरी आले आणि न जेवता आडवी झाले.

एकाच मशीनवर आपण दोघी शिकलो. शिलाई माझी सरळ, तुझी टीप नेहमी भरकटायची, उसवून द्यायला मीच. आई म्हणायची, हात थोरलीचा आणि तोंड धाकटीचं. मी ती माझी स्तुती समजले. तुझ्या डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर, त्या भांडवलावर तू दुकान उभं केलंस आणि माझी एकेक माणसं उचललीस. उचलली नाहीस म्हणतेस, ती आपण होऊन आली. तेच तर जास्त झोंबतं ना! इस्त्रीच्या मावशी जाताना मला म्हणाल्या, ताई, तिकडे पंखा नाही, पण ‘अहो’ म्हणतात. आता पंख्यापेक्षा ‘अहो’ गार असतं हे मला काय ठाऊक? मी कुणाचा पगार थकवला नाही, आजारपणात कुणाचा खाडा धरला नाही. कामाच्या गडबडीत ‘डोकं घरी ठेवून आलास का’ एवढं तोंडातून जातंच माणसाच्या. पण लोकांना हल्ली फुलासारखं ठेवावं लागतं.

त्या हॉटेलाच्या पडद्यांचं तुझ्या कानावर आलं असेलच, तेही तिखटमीठ लावून. म्हणून मीच सांगते. सगळ्या खोल्यांचं काम होतं, वर्षभर पुरलं असतं. माप मी स्वतः घेतलं, खिडकीच्या चौकटीचं. दांडी चौकटीच्या वर बसणार होती, ते राहिलं. नवा कटिंगवाला टेप घेऊन त्या दांडीचंच विचारायला आला होता म्हणे. तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलेलं. मी म्हटलं, तुला कापायला ठेवलंय, विचार करायला नाही. गिऱ्हाईक हसलं, तो गेला आणि त्याने कापलं. शिवणाऱ्या बायकांना दिसलं, इस्त्री करणारीला दिसलं, पण सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. कडक इस्त्रीच्या घड्या घालून ते पडदे हॉटेलात पोचले आणि मॅनेजरसमोर पहिला पडदा चढवला तर खाली वीतभर खिडकी उघडी! दुसरा तसाच, तिसरा तसाच. मॅनेजरने शिडीवरच्या आमच्या माणसाला विचारलं, तुम्हाला आधी कळलं नाही का? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, कळलं होतं साहेब, पण आमच्याकडे सांगायची पद्धत नाही. मॅनेजरने शांतपणे तिन्ही पडदे उतरवायला सांगितले. तो भांडला असता तर मी पुरून उरले असते.

कापड गेलं, हॉटेल गेलं, त्याच्या शब्दावर येणार होती ती दोन कामंही गेली. माप माझं चुकलं, पण डोळे तर सगळ्यांना होते की! आज त्या खिडक्यांना तुझे पडदे आहेत. मी बघून आले, अगदी जमिनीला टेकलेत. शिलाई अजून तितकीशी सरळ नाही तुझी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझी भाची माझ्या त्या आखूड पडद्यांच्या चुण्या घालत होती. काल कापडं आवरताना तिने मला सांगितलं की पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. इतरांचं सोड गं, हिला! दात हलला तरी शाळेतून धावत मला सांगायला येणारी मुलगी ती, आणि म्हणाली, आई, तू सगळ्यांसमोर बोलशील म्हणून गप्प बसले. मग त्याच दमात म्हणाली, मला मावशीकडे शिकायचंय. मी जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सोमवारी येईल ती. माणसं नेलीस, गिऱ्हाइकं नेलीस, त्याचा जळफळाट मी पचवला असता, पण हिचा नाही पचत. तरी तिला नीट शिकव. चुकली तर आतल्या खोलीत नेऊन सांग, चारचौघांत नको, ती मग दिवसभर तोंड उघडत नाही. आणि तुझ्याकडे ती मोकळेपणी बोलायला लागली की मला तेवढं कळव. काय बोलते ते सांगू नकोस, मला सहन व्हायचं नाही. बोलते, एवढंच कळव.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
ताई