प्रिंटर बासष्ट टक्क्यांवर

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ९.
संकल्प. रविवारी नेऱ्याला कमरुद्दीनच्या शेतावर आमच्या अकरावीच्या वर्गाचं गेट-टुगेदर. वर्गात पाठ केलेल्या पस्तीस कवितांची पुस्तिका मी आठवणीतून लिहून, छापून नेणार. त्या शिकवणाऱ्या ओझरकर बाई येणार आहेत, वय ब्याण्णव. त्यांच्या हातात पहिली प्रत. शब्द दिलाय.
नवा प्रिंटर आणला. कॉम्प्युटरवर चिरंजीव विश्वजीतने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलंय. फुकट आणि हलकं, म्हणाला. फुकट ते हलकंच असणार.

दुपारी ४.३०
प्रिंटरचा ड्रायव्हर इन्स्टॉल करायला लावला. बासष्ट टक्के झाले आणि एक वाजला. या घरात एक ते चार पंखा सोडून सगळे विश्रांती घेतात. भिंतीवरचं बटण बंद केलं. उठून लावतो तर त्रेसष्ट नाहीच. एरर.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.
एररचा मजकूर इंग्रजी: इन्स्टॉलेशन अर्धवट तुटलं आहे, 'यू मस्ट' खालची कमांड चालवा. मस्ट! चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावक रजिस्टर सांभाळलं, वरिष्ठसुद्धा 'कृपया' लिहीत. कमांड नेमकी छापून दिली आहे. पेपरचं उत्तर फळ्यावर लिहून देणाऱ्या मास्तरांवर मी शाळेतही विश्वास ठेवला नाही.
चार वेळा बंद-चालू केला. चारही वेळा तेच. शिसारी आली.
प्रस्तावना पुन्हा लिहिली. आता अकरा पानं.

बुधवार, ४ फेब्रुवारी.
चिरंजीवांना पुण्याला फोन. बाबा, स्क्रीनवर जे लिहिलंय तेच टाइप करा, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला. प्रश्न मिनिटांचा नाही, तत्त्वाचा आहे, असं सांगितलं. बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, म्हणाला.
मग ड्रायव्हर नव्याने घालू पाहिला. नाही म्हणतं. आधीचं अर्धवट पूर्ण करा, मग नवीन. हा सूर आमच्याकडे फक्त सौ. अरुंधती लावते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी.
कमरुद्दीनचा फोन. काय मियाँ, किताब झाली? म्हटलं, मजकूर तयार आहे, यंत्र बेइमान आहे. अरे मग फाइल पाठव, पळस्प्याला आपला झेरॉक्सवाला आहे, म्हणाला. जिथे आधार कार्डं छापतात तिथे कविता? किळस. नकार दिला.

दुपारी ४.
उठलो तर अरुंधती कॉम्प्युटरपुढे. पडद्यावरची ओळ बघून एकेक अक्षर दाबत होती. पासवर्ड मीच कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली, थांबली, प्रिंटर घरघरला. चाचणी म्हणून तिने नारळाच्या वड्यांची कृती छापली. झोपली नव्हती म्हणे. अहो, आता छापा, म्हणाली.
म्हटलं, पाहू. शाईचा वास सहन होत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.
छापलं. अर्पणपत्रिका एक पान, ऋणनिर्देश दोन, प्रस्तावना अकरा. एकूण चौदा. कविता आठवल्या त्या दीड. दुसरीचं तिसरं कडवं जिभेवर आहे. शाळेची पोफळीची वाट, घंटा, बाईंचं पांढरं पातळ, सगळं लख्ख आठवतं. ओळी तेवढ्या येत नाहीत. या आठवडाभर यंत्राने डोकं खाल्लं, त्याचा परिणाम. दीड कविता छापणं बरं दिसत नाही. राहिलेल्या रविवारपर्यंत आठवतील.

रविवार, ८ फेब्रुवारी. रात्री ८.
तिथे सर्वांना सांगितलं, प्रिंटर बिघडला. सगळे हळहळले. तेवढ्यात भजी वाढता वाढता अरुंधती म्हणाली, अहो, गुरुवारीच झाला की नीट! पिशवीत कागद आहेत ना.
बाईंनी हात पुढे केला. चौदा पानं सावकाश उलटली. मग विचारलं, छान रे, पण कविता कुठे आहेत?
कमरुद्दीन म्हणाला, बाई, हा शाळेतपण नुसता खाकरायचा, कविता मी म्हणायचो. आणि सुरू झाला. एकामागून एक, न अडखळता.
बाईंनी पानं मला परत दिली. मागची बाजू कोरी आहे, म्हणाल्या. बस खाली, तो सांगतोय ते उतरवून घे.
बसलो. नऊ पानं झाली. बाईंनी तीन वेलांट्या दुरुस्त केल्या.