डाव्या बुटाचा तळ

१२ जून

प्रिय ढमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि जुन्या बुटांचे फोटो पोचले. उत्तराला उशीर झाला, कामाचा रेटा होता. मी ठीक आहे.

जुन्या बुटांचे फोटो दाखवल्याशिवाय हे दुकान नवा जोड देत नाही. तिकडे भारतात पाठवतही नाही, म्हणून तर मी मधला हमाल. काउंटरवरचा म्हातारा, त्याला मी मनात मास्तर म्हणतो, तळ बघून माणूस कसा पळतो ते सांगतो. टाच कुठे झिजली, अंगठ्याखाली किती घासलं. तुझा फोटो त्याने भिंगाखाली धरला.

"कोणाचे?"

"बहिणीचे."

"रोज धावते?"

"इतकी, की गल्लीतल्या कुत्र्यांनी तिच्यामागे लागणं सोडलंय."

तो हसला नाही. त्याला ती सवयच नाही.

तुझी तक्रार बरोबर निघाली. डाव्या बुटाचं टोक झिजलं ते तुझ्यामुळे नाही. त्या लॉटमध्येच दोष होता, रबर कच्चं. दुकानाने चूक कबूल करून बदली जोड दिला. जुना टाकून दे. तुझ्या शाळेतल्या विद्यार्थिनींनाही देऊ नकोस, एखादी अडखळून पडायची.

नवा जोड पाठवतो आहे. खोका काढून टाकला, कारण इथे वजनापेक्षा जागा मोजतात. एक बूट दुसऱ्याला उलटा लावून, आत मोजे कोंबून, फॉर्मवर 'भेट, वापरासाठी' असं लिहिलं. पत्र नेहमीसारखं डाव्या बुटात. कस्टमवाले उजवाच उघडतात, का ते त्यांनाच ठाऊक.

दाजींना, म्हणजे तुझ्या नवरोबांना सांग, घड्याळ गळ्यात अडकवून सायकलवरून तुझ्यामागे ओरडणं पुरे, एकदा स्वतः पळून बघा म्हणावं. गुडघ्याला खरचटलं होतं ते भरलं का?

तुझा,
दादा


४ एप्रिल

प्रिय ढमे,

आशीर्वाद. पत्र मिळालं. इथली थंडी ओसरली. या आठवड्यात सहा इमारतींच्या लिफ्ट तपासल्या, एकीत एका बाईंसकट अडकलो. त्यांनी अर्धा तास मला लिफ्ट कशी दुरुस्त करायची ते शिकवलं.

हे पत्र बुटात नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कुरिअरने पाठवतो आहे. तू सांगितलेला जोड आणला आहे. माझ्या पलंगाखाली आहे. पाठवलेला नाही.

तू लिहिलंस की हाही जोड डाव्या टोकालाच गेला, दोनदा पडलीस, आणि कंपनीत डावा बूट बनवणारा माणूस दारुडा असणार. वाचून मी हसलो. मग तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींवर आलो. 'ही शर्यत झाली की मुलाचं मनावर घ्यायचं ठरवलंय आम्ही. मामा व्हायची तयारी ठेव.'

त्यानंतर मी तीन पत्रं लिहून फाडली. एकात नुसतंच अभिनंदन होतं. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू हसवतेस आणि मी हसतो.

लॉटमध्ये दोष नव्हता.

मास्तरने तो फोटो पाहून विचारलं होतं, "ही पाय ओढते का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "टाचा दोन्ही सारख्या आहेत. उजव्याचं टोक नव्यासारखं आहे. डावं रस्त्याला घासतंय. पाय उचलला तरी पंजा वर येत नाही. बूट बदलून काही होणार नाही. डॉक्टरला दाखवा." बदली जोड वगैरे कोणी दिला नाही. तो मी विकत घेतला.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुला अंथरूण आठवतं. मला त्याच्या आधीचं आठवतं. त्यांची डावी चप्पल उंबऱ्याला अडकायची. ते चपलेला शिव्या द्यायचे. तीनदा तळ बदलून आणला. चौथ्या खेपेला चांभार म्हणाला, "साहेब, चप्पल ठीक आहे." बाबांनी चांभार बदलला.

तुला लकवा सांगितला होता. लकवा नव्हता. डॉक्टरांनी आईला आणि मला आत बोलावलं. हे रक्तातून येतं म्हणाले. मुलं किती? दोन. प्रत्येकाला निम्मी शक्यता. आई बाहेर येऊन बाकावर बसली. पदर नीट केला आणि म्हणाली, "हे धाकटीला कळता कामा नये. तिचं लग्न व्हायचंय." तू तेव्हा सहावीत होतीस.

तुझं लग्न झालं. आई गेली. मी तिचं ऐकतच राहिलो. आयुष्यात इतकं कधी ऐकलं नव्हतं तिचं.

तुझा पाय दुसऱ्या कशाने तसा होत असेल. कमरेत नस दबली तरी होतं म्हणतात. मला काय कळतं, मी लिफ्टवाला. म्हणून मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जा, आणि या आठवड्यातच जा. बाबांचे कागद आईच्या लोखंडी पेटीत आहेत, तळाच्या वर्तमानपत्राखाली. ते बरोबर ने. दाजींना ने. त्यांना सगळं सांग, आणि मुलाचा विचार करण्याआधी सांग. रक्त तपासायचं की नाही हे तू ठरव. नको असेल तर नको. पण ते तुझं ठरवणं असेल, माझं नाही.

तू विचारशील की दहा महिने गप्प का बसलास. तुला धक्का बसेल म्हणून, असं फाडलेल्या पत्रांत लिहिलं होतं. ते खोटं आहे.

मास्तरच्या दुकानातून निघालो तो सरळ दवाखान्यात गेलो आणि माझं रक्त तपासायला दिलं. तुझ्या बुटाचा फोटो खिशात होता आणि मी रस्ताभर माझ्या पायाकडे बघत चाललो होतो. पाच आठवडे तुला पत्र लिहिलं नाही. मग निकाल आला. माझ्यात काही नाही. दवाखान्यातली बाई म्हणाली, घरी जाऊन चांगलं झोपा. मी घरी गेलो नाही. दुकानात गेलो, तुझ्या मापाचा सगळ्यांत चांगला जोड घेतला, आणि त्याच संध्याकाळी तुला ते जूनचं पत्र लिहिलं. वाचून बघ, ठेवलं असशील तर. मी फार खुशीत होतो.

त्यानंतर सांगायचं तर तुला हेही सांगावं लागलं असतं. ते जमेना. तू पडत राहिलीस आणि मी नवीन मॉडेलची माहिती पाठवत राहिलो.

रजा मिळाली आहे. सव्वीस तारखेला दुपारी पोचतो. डॉक्टरांची वेळ त्याआधीची मिळाली तर माझ्यासाठी थांबू नकोस. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. दाजींनाही उघडू देऊ नकोस. मी जिन्यात बसेन. मला घाई नाही, आणि तुला आहे, हेच या घरात आता सगळ्यांत वाईट आहे.

तुझ्याआधी स्वतःला तपासून घेतलेला,
दादा