कोणी कसत नाही

पुंगोल, सिंगापूर
९ मे २०१६, अक्षय तृतीया

प्रिय जया,

अनेक आशीर्वाद. तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहे मी, पण आशीर्वाद द्यायची हौस काही जात नाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? काढा घेतेस की अंगणात ओतून देतेस?

आणि सुलेखा, पत्र वाचून दाखवणारी तूच असणार. एक सांगते, सासूचं तोंड बघत मधलं काही गाळू नकोस. आहे तसं वाच. तिनं शिव्या घातल्या तर त्याही नीट ऐकून ठेव आणि मला कळव.

फोन का नाही केला, म्हणशील. केला होता. गेल्या महिन्यात तीनदा केला. तू "हालो वैनी" म्हणालीस की माझी वाचाच बसायची. मग मी उन्हाळा कसा आहे, आंबा किती धरलाय, असलं काहीतरी विचारून ठेवून द्यायची.

इथलं काय सांगू? अकराव्या मजल्यावरचं घर, लख्ख फरशी, बटण दाबलं की गरम पाणी. तन्मय आणि सूनबाई सात वाजता बाहेर पडतात, गार्गी त्यांच्या आधीच शाळेत गेलेली असते. त्यानंतर दुपारपर्यंत घरात मी एकटी. खिडकीतून एलआरटी जाताना दिसते, एवढीशी गाडी, आणि चालवायला आत कोणी नाही. पहिल्या वर्षी मला त्याची गंमत वाटायची. आता मी दुसरीकडे बघते. समोरच्या दारात एक चिनी आजीबाई आहेत. पाच वर्षं आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघून हसतो. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. हल्ली मी कुकरशी बोलते. परवा गार्गीनं पकडलं, म्हणाली, "आजी, हू यू टॉकिंग टु?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांशी. तिला ते खरं वाटलं, बिचारीला.

नाचणीचं पीठ मी लिटिल इंडियातून आणते. गाडी बदलून जावं लागतं, पण तेवढाच वेळ जातो. भाकरी होते. तुझ्या नाचणीची चव नाही.

असो. मुद्द्याचं लिहायला बसले आणि पिठावर घसरले.

गेल्या महिन्यात आपल्या गावच्या शशिकांतचा फोन आला होता. आमच्या सरपोतदारांच्या डोंगरावरून गावात दोन तट पडलेत म्हणाला. आमच्या धाकट्या दिरांची पुण्याची मुलगी रुचिरा गेली दोन वर्षं त्या डोंगरामागे लागली आहे, तुला माहीतच आहे. सत्तर एकर नुसतं सोडून द्यायचं. तोड नाही, भाजावळ नाही, गुरं नाहीत. वीस वर्षांत आपोआप रान उभं राहील, धनेश पक्षी परत येतील, झरा बारमाही होईल. तिच्या ओळखीची एक संस्था ते सांभाळणार, पण अख्खा डोंगर मिळाला तरच. पोरगी वाईट नाही गं. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा झाडाला मिठी मारून बसायची, आठवतं ना?

झऱ्याखालच्या बागेचा प्रकाश म्हणे खूश आहे. झऱ्याला मेपर्यंत पाणी राहिलं तर त्याच्या काजूला बरं. शशिकांत स्वतः मात्र पेटलेला आहे. मला म्हणतो, "वैनी, डुकरं आधीच भात ठेवत नाहीत, आता त्यांना सत्तर एकराचा बंगला बांधून द्या." हसायला आलं मला. आणि सुलेखा, तू म्हणे विहिरीवर म्हणालीस, कवळ तोडून तोडून पाठ मोडली, होऊ दे एकदाचं रान. हे सासूला ठाऊक नसेल तर आता झालं. रागावू नकोस गं जया तिच्यावर. झाडावर चढून कवळाच्या फांद्या तोडायच्या, भारे डोक्यावरून आणायचे, राब भाजायचा, आणि हे सगळं मूठभर नाचणीसाठी. आपणही तिच्या वयाच्या असताना कुरकुरलोच होतो.

मग शशिकांत म्हणाला, संस्थेच्या कागदात लिहिलंय की डोंगरावर कोणी कसत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंपणाचे खांब येणार, आणि तुझं वरकस, उतारावरची ती नाचणीची जमीन, कुंपणाच्या आत. शाळेतल्या बैठकीत तू उभी राहिलीस म्हणे. म्हणालीस, "आमच्या वैनी असा लिवनार नाय. पुन्याच्या पोरीनं लिवला आसंल."

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली, तरी मी फोन कानाला लावून तशीच उभी.

आता एक वेगळंच सांगते, मग परत येते. त्याच आठवड्यात शनिवारी तन्मय आम्हाला जवळच्या बेटावर घेऊन गेला. कोनी आयलंड म्हणतात. पूल ओलांडला की झालं. पूर्वी तिथं कुणा श्रीमंताची मालमत्ता होती, समुद्राकाठी बंगला होता. आता सगळं रान. सुरूची उंच झाडं, वेली, पाखरं, रुचिरा बघेल तर नाचेल. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटेत एक बोर्ड होता. तन्मयनं वाचून दाखवला: या बेटावर एक बैल मोकळा फिरतो. दिसला तर शांत राहा, खायला घालू नका, फ्लॅश मारून फोटो काढू नका.

आणि दिसला की गं! झाडीत उभा, एकटाच. वशिंड असलेला, आपल्याकडच्यासारखाच. मी सवयीनं "हो, हो" करत पुढे झाले तर गार्गी ओरडली, "आजी, कॅनॉट टच लाह!" तो मात्र माझ्या आवाजानं मान वर करून बघत राहिला. माणसाच्या हाताखाली वाढलेलं जनावर ते, आपल्याला कळतं. मी तन्मयला विचारलं, हा कुणाचा? तो म्हणाला, कुणाचाच नाही, कोणालाच माहीत नाही. मी म्हटलं, असं कसं? बैल काय बी पडून उगवतो? कुणीतरी आणला असेल, बांधला असेल, दाणा घातला असेल. त्या माणसाचं नाव बोर्डावर का नाही? तन्मय म्हणाला, आई, चल, ऊन लागेल. 

जया, तो कागद मी लिहिला.

रुचिरानं नाही. माझ्या हातानं, माझ्या सहीनं. गेल्या दिवाळीनंतर तन्मयनं संस्थेचा फॉर्म वाचून दाखवला. "जमिनीवर कोणाची वहिवाट आहे का?" त्यानं सातबारा काढून बघितला, त्यात नुसतं गवत-पड. तो म्हणाला, नाही लिहू ना?   मी म्हटलं, आण इकडे, मीच लिहिते. आणि लिहिलं, कोणी कसत नाही.

सातबाऱ्यात तू कधीच नव्हतीस. आपलं कागदावर होतं कधी? सुगीनंतर तू पायलीभर बी माझ्या घरी आणून ठेवायचीस आणि अक्षय तृतीयेला मी ते परत तुझ्या पदरात घालायची. झाली वर्षाची परवानगी. माझ्या सासूबाईंनी तुझ्या सासूला तसंच घातलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणजे चूक नव्हती ती.

मग का लिहिलंस, विचार. रुचिरासाठी म्हणशील, तर थोडं तेही आहे. दर रविवारी ती फोन करते. "काकू, तुम्हाला काय वाटतं?" असं मला विचारणारं जगात दुसरं कोणी उरलेलं नाही. तिला नाही म्हणायला जीभ उचलेना.

पण खरं कारण ते नव्हे. खरं कारण तुझी नाचणी. इकडे यायला निघाले तेव्हा बियाण्याचा डबा तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, आता तुझं तूच पदरात घालून घे. मनात होतं, एक-दोन वर्षांत तू म्हणशील, वैनी, तुमच्या हाताशिवाय काही खरं नाही, या परत. तू म्हणाली नाहीस. गेल्या सप्टेंबरात सुलेखानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. कंबरेएवढी नाचणी, कणसं कशी भरलेली, आणि मधे तू हसत उभी. इथं अकराव्या मजल्यावर मी तो फोटो दिवसभर बघितला. माझ्यावाचून सगळं व्यवस्थित चाललं होतं. ते मला सहन झालं नाही, जया. माझं तिथं काही उरलं नाही तर तुझंही का उरावं, असं आलं मनात. देवाशपथ, आलं. आणि मी लिहिलं.

आणि तू भर बैठकीत उभी राहून म्हणतेस, वैनी असं लिहिणार नाहीत.

शुक्रवारी मी कुणाला न सांगता एमआरटीनं गेले, पुढे बस, एकदा चुकले, विचारत विचारत हायकमिशन गाठलं. तीन तास बसले. यासोबत जो वेगळा कागद आहे त्यावर त्यांचा शिक्का आहे. त्यात लिहिलंय की चार एकर वरकस तुझ्या घरची माणसं दोन पिढ्या कसत आहेत, हे मी एकेचाळीस वर्षं डोळ्यांनी बघितलं, बी मी स्वतः दिलं, आणि आधी लिहिलेलं खोटं होतं. शशिकांतला घेऊन जा आणि खांब यायच्या आत तो संस्थेला दे. झेरॉक्स काढून ठेव. लाजू नकोस माझ्यासाठी.

काल रविवार. रुचिराचा फोन आला, तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "काकू, आता संस्था डोंगरच घेणार नाही. दोन वर्षं गेली माझी." मी म्हटलं, तुझं रान मला हवंय गं, पण जयाला पुसून नको. तिनं फोन ठेवला. पुढच्या रविवारी येईल असं वाटत नाही. प्रकाशच्या झऱ्याचं काय होणार, तेही मला ठाऊक नाही. त्यालाही तोंड दाखवायला जागा नाही. सगळ्यांचंच वाटोळं केलं म्हणेनास.

रुचिरा गावात आली तर तिला हाकलू नकोस. चहा दे, बसव, वरकस दाखव. चार एकर सोडून बाकीच्या डोंगराचं काही जमतंय का ते तुम्ही दोघी बघा. तिला तुझ्याशी बोलायला हवं होतं. ती माझ्याशी बोलत राहिली, आणि मीही तिला बोलू दिलं.

आज सकाळी पिठाच्या डब्यात हात घालून उभी होते. पिठाला काय, ते पेरता येत नाही. पत्र पोचेल तोवर तिथी उलटून गेलेली असेल, तरी यंदाचं बी सुलेखाच्या हातून पदरात घे. माझं नाव घ्यावंसं वाटलं तर घे. नाही वाटलं तर घेऊ नकोस, पण पेर.

उत्तर धाडलंस तर मी वाट बघतेच आहे. नाही धाडलंस तर तेही समजेन. नुसता शेताचा फोटो पाठवलास तरी चालेल, त्यात तू नसलीस तरी.

वरकस जया कसते, हे लिहून देणारी,
सरोजिनी पद्माकर सरपोतदार