केळीच्या खुंटाला माती

न्येंडो, मसाका
९ ऑगस्ट

प्रिय काल्यांगोदादा,

"मुडदा गप्प आहे म्हणून मी का गप्प बसू?" आपल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाआधी माइक पुसत तू म्हणाला होतास. सकाळपासून तेच कानात घुमतंय. इकडे सगळं ठीक. वहिनींना नमस्कार सांग.

बोसा त्यानं काढलेला आपला सिनेमा शनिवारी पुन्हा लावतोय, त्याच पत्र्याच्या हॉलमध्ये. हॉल पाडणार आहेत, म्हणून शेवटचा खेळ. तेलाच्या डब्याचा मुकुट, नळाच्या बंदुका, आणि तरी पोरांना संवाद पाठ! बाजारात मला अजून "भावाला पुरणारी" म्हणतात. शाळेतल्या त्या जुन्या ग्रीक नाटकातली, भावाला पुरण्यासाठी राजाचा हुकूम मोडणारी बहीण बोसानं मला करायला देऊन आपल्या गावात आणली खरी. पण लोकांच्या घरात ती शिरली, सिनेमा चालू असताना पडद्याशेजारी बसून तू माइकवर जे बोलायचास त्यामुळे. राजा पडद्यावर आला की तू ओरडायचास, "ए पुढच्या काका, खाली बसा! मुकुटापेक्षा तुमचं टक्कल चमकतंय!"

भाऊ झालेला नट झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून घेईना. "जिवंतपणी प्रेताचं कापड? आई घरात घेणार नाही मला!" मग बोसानं केळीचा खुंट गुंडाळला, माणूस सापडला नाही की आपण पुरतो तसा. वाटलं, कुणाला कळणार नाही. पण पडद्यावर कापड सरकलं, खुंट दिसला.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तू माइक खाली ठेवलास. लढाईत हरवलेल्या तुझ्या वडिलांच्या जागी तुमच्या बागेतही खुंटच पुरलाय, हे मला नंतर कळलं. पडद्यावर मी माती लोटत होते, आणि हॉलभर तेवढाच आवाज. पुढे प्रत्येक खेळाला तू तिथे गप्प राहिलास. लोक त्यासाठी लांबून यायचे.

फोन न करता पत्र का, हे तू ओळखलंच असशील. घशाच्या ऑपरेशननंतर तू फोन उचलतोस, नुसता श्वास घेतोस आणि ठेवून देतोस. मला ते ऐकवत नाही रे. वहिनी सांगत होत्या, तू पाटीवर लिहिलंस, "आवाज गेलेला माइकवाला कुणाला हवा?"

शनिवारी तुझ्या जागी माइकवर लुबेगा बोलणार आहे. बोलतो झकास, पण थांबता येत नाही त्याला. तालमीत खुंटावरसुद्धा विनोद केला.

तेवढ्या दृश्यापुरता येशील? त्याच्या हातातून माइक घे आणि खाली ठेव. बाकी काही करू नकोस. नाहीच म्हणशील, माहीत आहे. तरी पडद्याच्या उजवीकडची तुझी खुर्ची मी कुणाला देणार नाहीये.

तुझ्या गप्प बसण्याची ऋणी,
नालुमान्सी