ओली बाभळ

परतूर
माघ शुद्ध १०, शके १८६४

तीर्थस्वरूप सगुणाअक्कास धाकट्या मच्छिंद्रचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडं सर्व खुशाल. लढाईमुळं इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बायलरला कोळसा मिळून न्हाई राह्यला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, की येत्या दिवाळीपासून वाळलेल्या बाभळीचं लाकूड पुरवशील का. मी तिथंच हो म्हणून आलो. तीर्थपुरीला तुझं बाभूळबन हाय, स्टेशनाजवळ माझी वखार हाय, मंग दुसऱ्यानं का पुरवावी?

तुझा गडी कडूबा कुऱ्हाडीनं दिवसभर तोडतो तेवढं गोल करवत घटकाभरात कापती म्हणे. म्हणून जालन्याहून एक जुनं तेलाचं इंजन अन् करवत घेतली, ती पाठवून राह्यलो. तुझ्या दिराला, भुजंगरावांना, चालवायची समजावून दिलीय. कापलेलं लाकूड दाबून रचायचं अन् वर ताडपत्री टाकायची, म्हणजे पावसाची फिकीर न्हाई. तू फक्त हो म्हण.

तुझ्या भावजयीचा, उषाचा, नमस्कार. माया हाय तशी राहू दे.
तुझा मच्छिंद्र

तीर्थपुरी
चैत्र वद्य ३, शके १८६५

चि. मच्छिंद्रास अनेक आशीर्वाद. बोल माझे, अक्षर मास्तरांच्या दुर्गाबाईचं. तिनं माझ्या दोन शिव्या गाळल्यात, त्या तू मनानं घाल.

तुझं इंजन आलं. आत घ्यायला अंगणाची भिंत पाडावी लागली. गावाला दिव्यापुरतं घासलेट मिळंना अन् हे धूड डबाच्या डबा पितंय. करवत सरळ ओंडका कापती, पण बाभळ कधी सरळ वाढलेली पाहिलीस का रे? वाकड्या लाकडात दाते अडकतात, मंग इंजनाचा पट्टा फटकन सुटून बाहेर येतो. कडूबानं लांबूनच हात जोडले. मी इंजनावर पोतं टाकून ठेवलंय.

अन् दाबून रचायचं हे तुला कोणी शिकवलं? लाकूड म्हणजे रुईचा गठ्ठा न्हाई. बाभळ ओली असतानाच फोडावी. वाळली की पाचरीला दाद देत न्हाई. खाली दगड ठेवावेत, वर एक थर उभा, एक आडवा, मधून वारा खेळला पाहिजे. चैत्र-वैशाखाचं ऊन खाऊ द्यावं अन् मृगाच्या आत शेडात न्यावं. ताडपत्रीखाली नुसता घाम धरतो. तुझे दाजी जन्मभर हेच करून गेले. तू मात्र जेवायला यायचास अन् हात धुऊन निघायचास.

कडूबानं पौषापासून तोडलेलं फोडून रचलंय. वीस गाड्या भरतील. तेवढाच शब्द दे, जास्त बोलू नको.

उषाला आशीर्वाद. माझ्या बोलण्याचा राग धर, पण ऐक.
सगुणा

परतूर
आश्विन वद्य ८

तीर्थस्वरूप अक्कास शि. सा. नमस्कार.

तू कळवलंस, की परतीचा पाऊस थांबल्याबिगर शेडाचं कुलूप उघडणार न्हाई, उघड्या गाडीत वाळलेलं लाकूड भिजंल. अक्का, थोडं भिजलं तर काय बिघडतं? जिनिंग चालू व्हायला पंधरा दिवस राह्यलेत. मॅनेजरसाहेब रोज माणूस पाठवतात अन् मी रोज नवं कारण सांगतो. आता कारणंही संपली.

बारा गाड्या पाठवून राह्यलो. भरूनच पाठव, बिलकुल रिकाम्या येऊ देऊ नको. माझी इज्जत आता तुझ्या हातात हाय.
मच्छिंद्र

तीर्थपुरी
कार्तिक शुद्ध ७

मच्छिंद्रा,

आज आशीर्वाद मागून देते, आधी ऐक.

तुझं पत्र आलं तेव्हा मी घनसावंगीला लेकीच्या बाळंतपणाला गेल्ते. शेडाची किल्ली माझ्या कमरेला. पत्र भुजंगानं वाचलं. गाड्या दारात उभ्या अन् शेडाला कुलूप. मंग त्यानं पोतं काढून तुझं इंजन सुरू केलं. बनातली उभी, रसरशीत बाभळ पाडून कापली. कडूबा नको नको म्हणत होता, पण मालकाचं माणूस म्हणून ओंडके धरायला उभा राह्यला. तिसऱ्या ओंडक्याला पट्टा सुटला अन् त्याच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडलंय. वैदू म्हणतो, बांबूच्या कामट्या बांधून दोन महिने हात हलवायचा न्हाई, अन् बराबर जुळंल का तेही सांगत न्हाई.

उरलेलं लाकूड भुजंगानं दुसरी माणसं लावून कापलं अन् गाड्या तशाच ओल्या लाकडानं भरून तिकडं धाडल्या. मंग दोन दिवस तो जेवला न्हाई. त्याला मी काही बोलले न्हाई. जे बोलायचं ते तुझ्यासाठी ठेवलंय. गाड्या तुझ्या, इज्जत तुझी, अन् हात कडूबाचा?

आशीर्वाद हायेतच, ते कुठं जातात.
सगुणा

परतूर
कार्तिक शुद्ध १३

तीर्थस्वरूप अक्कास,

काय लिहावं कळंना. तुझं पत्र येण्याआधीच गाड्या कारखान्यावर गेल्त्या. बायलरमध्ये लाकूड टाकलं तर ते नुसतं फसफसलं. टोकातून पाणी गळलं, धुरानं अख्खं आवार भरलं, पण वाफ काही धरली न्हाई. साहेबांनी सगळा माल अंगणात फेकायला लावला अन् चार माणसांत मला विचारलं, की तू लाकूड विकतोस का पाणी. मी घरी येऊन तुझ्या नावानं ओरडलो. उषानं ऐकून घेतलं, मंग कडूबाच्या हाताचं लिहिलेलं तुझं पत्र माझ्यापुढं धरलं.

साहेबांनी आठ दिवस दिलेत. न्हाई तर दुसऱ्याला सांगणार. तू वाळलेलं पाठवायला न्हाई म्हणालीस तरी मला बोलायला तोंड न्हाई. कडूबाला काय पाठवू ते कळव.
मच्छिंद्र

तीर्थपुरी
कार्तिक वद्य १

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

पाऊस उघडलाय. शेड उघडलंय. वाळलेल्या वीस गाड्या उद्या निघतील, तुझा शब्द राहील.

पण त्याच गाड्यांत कारखान्यातलं ओलं लाकूड परत आण. माझ्या बनातली ती झाडं हायेत, तिथं सडू द्यायची न्हाईत. ती फोडून, रचून, वाळवायची. फोडणाऱ्याचा हात तर गळ्यात बांधलाय. तेव्हा कडूबाला काही पाठवू नको. तू ये.
सगुणा

तीर्थपुरी
मार्गशीर्ष शुद्ध ६

चि. सौ. उषास अनेक आशीर्वाद.

साहेबांनी माल उतरवून घेतला हे तुझ्या पत्रावरून कळलं. चांगलं झालं. माझं, तुझ्या नवऱ्याचं, मात्र विचारू नको. हाताला फोड आलेत, ते फुटून पुन्हा आलेत. अक्का भाकरीबरोबर तेलाची वाटी ठेवती, पण दया म्हणून न्हाई. उद्या पुन्हा घण धरता यावा म्हणून.

भुजंगराव ओंडके ओढतात, मी फोडतो. कडूबा बाजेवर बसून डाव्या हातानं दाखवत राह्यतो, की पाचर इथं न्हाई, तिथं. पहिली थप्पी वाऱ्यानं पडली. दुसरी अक्कानं पाडली, म्हणाली की मांजरही शिरणार न्हाई इतकी दाबून रचलीस. मी चिडून घण फेकला अन् म्हणालो, की मी वखारीचा मालक हाय. ती म्हणाली बरं, अन् घण उचलून माझ्या हातात दिला. उषा, इंजनाचं काय ते विकायचं तू बघ, पण घेणाऱ्याला पट्ट्याचं खरं सांग.

एक गोष्ट तुलाच लिहितो. कडूबाला एका हातानं पटका बांधता येत न्हाई. महिनाभर तो उघड्या डोक्यानंच बसून राह्यला, अन् मला ते आज दिसलं. मी बांधायला बसलो. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. माफीचे शब्द तोंडाशी आल्ते, तेवढ्यात त्यानंच सांगितलं, की मालक, उद्या उन्हं वर यायच्या आत घण हातात पाहिजे, आजच्यासारखं चहाला रेंगाळायचं न्हाई.

म्हणून अजून महिनाभर येत न्हाई. वखार तू सांभाळ. घरच्यांना माझी आठवण सांग अन् माझ्यावर रागावू नको, ते काम इथं अक्का करून राह्यली.
मच्छिंद्र