डागाचं रोप परत दे

धाकट्या जाऊबाईस,

मोठ्या जावेनं मला रोगट रोप गळ्यात मारलं, असं तू सगळ्या नात्यात सांगत सुटली आहेस. मावससासूंनी तर मला विचारलं, "काय गं, हल्ली कचरा वाटतेस का?" तुझी तब्येत ठणठणीत असणारच, एवढं बोलायला जोर लागतो. भावजींचा गुडघा कसा आहे? फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

मी काचघरात पाणी घालते, तिथे मॅडम टोमॅटोच्या रोपांना मुद्दाम रोग लावतात. (हो, मुद्दाम. त्याचाच पगार घेतात.) बिनसुईची सिरिंज पानाला टेकवायची, जंतूंचं पाणी आत ढकलायचं आणि कोण तगतंय ते बघायचं. तसं करून त्या परगावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "मावशी, खराब झालेली काढून टाका." दुसऱ्या दिवशी बघते तर निम्मी रोपं हिरवीगार, निम्म्यांच्या पानांवर जळल्यासारखे डाग. खराब कुठली हे कळायला कॉलेज लागतं का? डागाची सगळी उपटून भट्टीत घातली. एक तेवढं तुला दिलं, कारण तू कधीची रोप दे, रोप दे करत होतीस.

मॅडम परत येईपर्यंत माझ्या हिरव्यागारांनी माना टाकल्या होत्या.

झालं होतं असं, की डागाचीच रोपं शहाणी. त्यांच्यात एक जनुक असतो, आईबापाकडून आलेला. जंतू आत शिरला की त्या जनुकामुळे रोपाला बरोबर कळतं, आणि रोप तेवढी जागा आपणच मारून टाकतं, तेच ते डाग. जंतू तिथंच अडकतो, पुढे सरकत नाही. (सासूबाई नकोसा पाहुणा दिसला की गॅस बंद करतात, तसंच. घरचे उपाशी, पण पाहुणा जातो.) हिरव्यांना घरात चोर शिरल्याचा पत्ताच नव्हता.

तो जनुक मॅडमनी रानटी टोमॅटोशी सोयरीक जुळवून कित्येक वर्षांनी आणला होता. बी शिल्लक नाही. सोमवारी मोठे साहेब येतायत, एक तरी रोप दिसलं नाही तर मॅडमचं काम बंद आणि माझंही. म्हणून ते रोप परत दे, कुंडीसकट.

तुझी मोठी जाऊ

ता. क. पाणी घातलं नसशीलच. आजपासून घाल.

दुसरा ता. क. देताना डागाचं पान भिंतीकडे मीच फिरवलं होतं. तरी मावससासूंना सांग, जावेनं सगळ्यात निरोगी रोप दिलं. खोटं नाही ते.

तिसरा ता. क. एक रोप मी आधीच ओळखून सुरक्षित जागी हलवलं, असं मॅडमना सांगून बसलेय. रोप घेऊन येशील तेव्हा मॅडमसमोर तोंड उघडू नकोस. रोप जिवंत आहे की नाही, तेवढं शुक्रवारच्या आत कळव.