भर पावसात फोडलेला पाइप

तीर्थरूप ताईस, गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या धाकट्याचा, वाकता येईल तितका वाकून नमस्कार.

मागच्या कार्डावर नुसता पत्ता टाकून ‘बाकी उद्या लिहितो’ म्हणालो होतो, तो उद्या आज उजाडला. पाऊस थांबला की लिहायचं ठरवलं होतं. तो हटेना, शेवटी मीच माघार घेतली. तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला? बाबांबद्दल मी विचारत नाही. (त्यांचा गुडघा कसा आहे?)

तर मी गोल्फच्या मैदानावर कामाला लागलोय. गोल्फ म्हणजे मोठी माणसं लांबवर चालत जाऊन एक चेंडू भोकात घालतात आणि लगेच काढून पुढच्या भोकाकडे निघतात. (हसू नकोस. मीही एका कामातून दुसऱ्यात असाच जातो, फक्त मला कोणी टाळ्या वाजवत नाही.) सध्या त्या भोकांत पाणी, ते चहाच्या मगाने उपसतो मी. रोज सकाळी मोठे माळी, म्हणजे आमचे साहेब, झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावरून सपाट बुटांनी चालतात आणि वळून बघतात. पाऊल उमटलं की मैदान बंद. रोज उमटतं. ती पावलं बघितली की मला न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर येणारे बाबा आठवतात, आणि मागून फडकं घेऊन बडबडत येणारी तू. मग मगातलं पाणी मी परत त्याच भोकात ओततो.

कुठे होतो मी? हां, तळ्याचं सांगायचं राहिलं. शेवटच्या झेंड्यापाशी इतकं पाणी साठलं की बदकं उतरली आणि फुकटात सभासद झाली. माळी म्हणाले, “चर खणून ओढ्यात सोड. डावीकडे खण हं, उजवीकडून फवाऱ्याचा पाइप गेलाय.” मी डावीकडेच खणलं, ताई, तुझी शपथ. पण ते माझ्याकडे तोंड करून उभे होते, त्यांची डावी निराळी. कुदळ नेमकी सांध्यावर बसली. वरून पाऊस, खालून कारंजं, मधे मी.

“गवताला पाणी कमी पडत होतं का रे?” माळी म्हणाले.

मी म्हणालो, “माझे बाबा प्लंबर आहेत.” (का म्हणालो, देव जाणे.)

“मग बोलाव की त्यांना!”

सगळे हसले, मीही हसलो. आता त्यांना काय सांगू, की त्यांचा धंदा नको म्हणून, हत्यारांची पिशवी न उचलता मी घर सोडलं तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझा फोन आला की मुकाट्याने तुझ्या हातात देतात?

म्हणून एक काम कर. सांध्यावर टेप कशी गुंडाळायची ते त्यांना सहज विचार. माझं नाव काढू नकोस, शेजारणीचा नळ गळतोय म्हण.

तुझा, वाळत घातलेला पण न वाळलेला भाऊ

ता. क. पाइप केव्हाच दुरुस्त झाला. मीच केला, ते करायचे तसाच, जीभ दातांत धरून, अंगठ्याने दाबत. थेंब गळत नाही. तरी तू विचार, आणि ते जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून पाठव. शिव्या गाळू नकोस. शिव्यांसाठीच तर विचारतोय.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर अवजारांच्या खोलीच्या दारात कोणीतरी छत्री झटकली. बाबा! पिशवीसकट! तूच कार्ड दाखवलंस ना त्यांना? मोठ्या माळ्यांनी त्यांना येतायेताच चरातला माझा सांधा दाखवलाय. बाबांनी ना ‘कसा आहेस’ विचारलं, ना ‘जेवलास का’. म्हणाले, “वेढे उलटे घातलेस, गाढवा. सोड ते सगळं. पाना काढ.”

ताई, शेजारणीचा नळ राहू दे. पिशवी उचलायला चाललो.